देवीदासची दाढ

आमच्या घरी घोळणा फुटणं ही शिंक येण्यासारखी गोष्ट होती. माय चुलीपुढे बसलेली असायची, नाकातून रक्ताची धार लागायची, आणि ती एका हाताने पदर नाकाला लावून दुसऱ्या हाताने भाकर उलटायची. आम्हां दोघा भावंडांनाही ते होतं. मला कमी, माझ्या धाकट्या भावाला, देवीदासला, जास्त. सगळे म्हणायचे, उष्णता आहे. मग कांदा फोडून हुंगवायचा, टाळूवर गार पाणी थापायचं, आणि पोरं पुन्हा खेळायला मोकळी.

देवीदास नऊ-दहा वर्षांचा असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर सावरगाव आणि पांढुर्ण्याची गोटमार होते, ती बघायला आम्ही सावरगावला मामाकडे गेलो होतो. नदीपासून पार दूर, मामाच्या गच्चीवर उभा राहून तो दगडफेक बघत होता. अचानक त्याच्या नाकातून रक्त आलं आणि कोणीतरी ओरडलं, "पोराले गोटा लागला!" बायांनी त्याला खाली नेऊन डोक्याला हळद लावली आणि पट्टी बांधली. डोक्याला काहीच झालेलं नव्हतं. तरी तो ती पट्टी चार दिवस मिरवत हिंडला.

माय बेचाळीसची असताना गेली. एका सकाळी खोकला आला आणि खोकल्यातून भांडंभर रक्त पडलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. टीबी असेल असं लोक म्हणाले, आणि आम्हीही तेच धरून चाललो.

मी सौसरच्या शासकीय शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आमचे हे, मोरेश्वर, तहसीलमध्ये बाबू होते. आम्हाला एकच मुलगी, प्राजक्ता. देवीदासचं मन शाळेत रमलं नाही. तो शेतीत गेला आणि पांढुर्णा रोडवर त्याने संत्र्याच्या कलमांची नर्सरी टाकली. जंबेरी लिंबाच्या रोपाला चाकूने चीर द्यायची आणि तिच्यात संत्र्याचा डोळा बसवून बांधायचा, याला आमच्याकडे डोळा भरणं म्हणतात. देवीदासच्या हातचा डोळा सहसा वाया जात नसे. लोक लांबलांबून त्याची कलमं न्यायला येत, आणि कलमाबरोबर तासभर गप्पाही घेऊन जात. तोंड बंद ठेवणं त्याला जमायचंच नाही. घरात त्याची बायको जयवंता आणि मुलगा वैभव. वैभव शिकून आला आणि बापाच्याच हाताखाली लागला.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात मला जिना चढला की धाप लागायला लागली. तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. सौसरच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नाक बघितलं, मग बॅटरी घेऊन माझे ओठ बघितले, जीभ बाहेर काढायला लावली, बोटांची टोकं उलटसुलट करून पाहिली. ओठांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके होते. मी ते वयाचे समजत होते.

"आईला घोळणा फुटायचा का?" त्यांनी विचारलं.

मी मायचं सगळं सांगितलं. खोकल्यातल्या रक्ताचं सांगितलं तेव्हा त्या लिहिता लिहिता थांबल्या.

आजाराचं नाव लांबलचक होतं, एचएचटी म्हणतात त्याला. त्यांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. हृदयातून येणारी नळी आणि हृदयाकडे जाणारी नळी यांच्यामध्ये केसांहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. माझ्या अंगात काही जागी ते जाळंच नाही, एक नळी सरळ दुसरीला जोडलेली आहे. तिथली भिंत पातळ असते आणि फुटते. नाकात फुटली तर घोळणा. फुफ्फुसात असली तर मायसारखं होऊ शकतं.

त्यांनी माझ्या हाताच्या शिरेतून बारीक बुडबुड्यांचं पाणी सोडून हृदयाची सोनोग्राफी केली. ते बुडबुडे फुफ्फुसात अडकायला हवेत, पलीकडे गेले तर मध्ये वाट आहे असं समजायचं. माझे अडकले. "तुमचं फुफ्फुस चांगलं आहे," त्या म्हणाल्या. लोहाचं सलाइन लावलं, नाकात टाकायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, गोळ्या दिल्या. घोळणा फुटला तर डोकं मागे टाकायचं नाही, पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा, हेही शिकवलं. एवढी वर्षं आम्ही डोकं मागेच टाकत आलो होतो.

निघताना त्यांनी एक कागद लिहून दिला आणि वाचूनही दाखवला. भाऊ, बहीण, मुलं, सगळ्यांची तपासणी करा. प्रत्येकाला असण्याची शक्यता निम्मी. आणि तपासणी होईपर्यंत कोणाचीही दाढ काढायची झाली तर आधी अँटिबायोटिक घ्यायचंच.

"दाढेचा काय संबंध?" मी विचारलं.

"दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात. फुफ्फुस त्यांना गाळून घेतं. पण फुफ्फुसात अशी वाट असली तर गाळणारं काही राहत नाही, जंतू थेट मेंदूत जातात. एक गोळी आधी घेतली की बहुतेक वेळा भागतं. भावाला नक्की सांगा, काकू."

मी नक्की म्हटलं.

परतीच्या बसमध्ये हे फाइल मांडीवर घेऊन बसले होते. सावनेर गेल्यावर म्हणाले, "प्राजक्ताचं जमून राहिलं."

पांढुर्ण्याचं स्थळ होतं. मुलगा शुभम, शिक्षक. घरचं कापडाचं दुकान. बघणं झालेलं, होकार आलेला, साखरपुडा फेब्रुवारीत करायचा ठरत होता.

"पिढीजात आजार म्हटलं की पुढचा माणूस दहा वेळा विचार करते," हे म्हणाले. "लग्न होऊन जाऊ दे. मंग सांगू साऱ्यायले."

"देवीदासले तं सांगाच लागते."

"देवीदासच्या पोटात काही राहते का? त्याले सकाळी सांगतलं तं संध्याकाळी पांढुर्ण्यात होते."

ते खरंच होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत राहिले की हे बोलले म्हणून मी गप्प बसले. पण मला पटलं नसतं तर मी बोलले असते. नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी बाई मी कधीच नव्हते. घरी आल्यावर फाइल मीच कपाटात ठेवली, सगळ्यात खाली, लग्नाच्या शालूखाली.

लग्न मे महिन्यात झालं. भर मांडवात, वरातीपुढे नाचून आलेल्या देवीदासचा घोळणा फुटला. नवा पांढरा सदरा रक्ताने भरला. तो हसत होता आणि सवयीने डोकं मागे टाकत होता. मी धावत गेले, त्याची मान खाली वाकवली आणि नाक दाबून धरलं. रक्त लवकर थांबलं.

"बाई, हे कुठून शिकली तू?" त्याने नाक दाबलेल्या आवाजात विचारलं. मला तो बाईच म्हणायचा.

"टीव्हीवर पाह्यलं," मी म्हटलं.

लग्न झालं की सांगायचं ठरलं होतं. लग्नानंतर वाटायला लागलं, आत्ता कुठे पोरगी सासरी रुळते आहे. आत्ता बोललो तर लपवलं म्हणतील. आखाडी झाली, नागपंचमी झाली. मला स्वतःला खूप बरं वाटत होतं, हिमोग्लोबिन अकरावर गेलं होतं. मी जिना धडाधड चढायची. बरं वाटणाऱ्या माणसाला घाई राहत नाही.

पोळ्याच्या आठवडाभर आधी देवीदासचा फोन आला.

"बाई, गाल भोपळ्यावानी सुजला. तीन रात्री झोप नाई. उद्या पांढुर्ण्यात दाढ काढून राहिलो."

तो पुढे बोलतच होता, दाढ किती किडली, जयवंता कशी हसते, भाकर कशी चावता येत नाही. मी स्वयंपाकघरात उभी होते. डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलेली ओळ मला शब्दन् शब्द आठवली.

"आधी गोळी घे एखादी," मी म्हटलं.

"कायची गोळी?"

आता याला सांगायचं तर का, ते सांगावं लागणार. मग फाइल निघणार. मग जानेवारीपासून का नाही सांगितलं ते निघणार. आणि त्याच्या फुफ्फुसात तसं असेलच असं कुठे आहे, माझ्या तर नाही. हा सगळा विचार मी किती वेळात केला? त्याने "हॅलो" म्हणेपर्यंत.

"दुखण्याची," मी म्हटलं. "आन मिठाच्या पाण्यानं गुळण्या करजो."

"ते तं करूनच राहिलो," तो म्हणाला.

दाढ निघाली. चार दिवसांत गाल उतरला. पोळ्याला त्याने बैल सजवल्याचे फोटो पाठवले, ते बघून मला हायसं वाटलं आणि मी सगळं पुन्हा मागे ढकललं. त्यानंतर काही दिवसांनी त्याचं डोकं दुखायला लागलं आणि ताप आला. तेव्हा घरोघर ताप होता, म्हणून कोणाला वेगळं वाटलं नाही. औषध घेऊन तो नर्सरीत काम करत राहिला. एका सकाळी गिऱ्हाइकाला द्यायच्या कलमांच्या मुळ्यांना तो बारदाना बांधत होता आणि त्याच्या हातून सुतळीची गाठ बसेना. वैभवने विचारलं, "बाबा, काय झालं?" देवीदासने तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं त्याचा एकही शब्द होत नव्हता. वैभवने त्याला गाडीत घातलं आणि सरळ नागपूर गाठलं.

मेंदूत पू झाला होता, डाव्या बाजूला, लिंबाएवढा. कवटीला छिद्र पाडून तो काढला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन पोचले. आयसीयूच्या बाहेर जयवंता आणि वैभव उभे होते आणि एक डॉक्टर त्यांना काही विचारत होते. मी मागे जाऊन थांबले.

"मेंदूत पू असाच होत नाही," डॉक्टर म्हणत होते. "छातीचा सीटी केला, तर उजव्या फुफ्फुसात रक्तवाहिन्यांची एक गाठ आहे. दाढेतले जंतू तिथूनच मेंदूत गेले, आधी अँटिबायोटिकची एक गोळी घेतली असती तर बहुधा टळलं असतं. ओठांवर लाल ठिपके आहेत. घरात अजून कोणाला असा घोळणा फुटतो?"

"माझ्या आत्याले फुटते," वैभव म्हणाला. मग त्याने मला पाहिलं. "ह्या काय आल्याच."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमची कधी तपासणी झाली आहे का?"

मला नाही म्हणता आलं असतं. डॉक्टर नवे, दवाखाना वेगळा, कोणाला कळलं नसतं. पण ओठांवरचे ठिपके ते बघतच होते.

"झाली," मी म्हटलं. "जानेवारीत. एचएचटी आहे."

"भावाला सांगा, असं तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं? म्हणजे, यांची तपासणी करा असं?"

"सांगतलं होतं."

डॉक्टरांनी ते हातातल्या कागदावर लिहून घेतलं. मग वैभवला म्हणाले, "तुमचीही करावी लागेल," आणि आत गेले.

माझ्या हातातला डबा कलला होता आणि वरण पिशवीत गळत होतं. जयवंताने तो माझ्या हातातून घेतला, सरळ केला आणि बाकावर ठेवला. वैभव माझ्याकडे बघत होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आत्या, दाढ काढाच्या आदल्या दिवशी बाबानं तुले फोन केला ना, तेव्हा मी बाजूलेच बसलो होतो. फोन स्पीकरवर होता." तो थांबला. "गुळण्या करजो म्हणे."

एवढं बोलून तो जिन्याने खाली उतरून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी बाकावर बसलो होतो तेव्हा जयवंताने एकदाच विचारलं, "बाई, ते गोळी कुठं भेटते? नागपूरलेच भेटते का?"

"नाई," मी म्हटलं. "कुठंही भेटते. पांढुर्ण्यात भेटते."

तिने मान हलवली आणि पदराने हात पुसत राहिली.

प्राजक्ताला तेव्हा तिसरा महिना होता. फुफ्फुसात तशी वाट असेल तर बाळंतपण जिवावर बेतू शकतं, हे आता मला माहीत होतं. त्या रात्री मी घरी आले आणि यांना म्हटलं, उद्या पांढुर्ण्याला जायचं. हे नको म्हणाले नाहीत. आदल्या दिवशी देवीदासला आयसीयूत बघून आल्यापासून हे जेवलेही नव्हते.

शुभमच्या घरी बैठकीत सगळे बसले होते. चहा आला. यांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "चूक माही आहे," हे म्हणाले. "मीच नलिनीले चूप बसवलं." आणि मग पुढचं यांना सांगता येईना, म्हणून मी सांगितलं. मायपासून सुरुवात केली आणि आयसीयूपर्यंत आले. प्राजक्ता मध्येच उठून माझ्याजवळ आली नाही, जिथे होती तिथेच बसून राहिली.

ईहीणबाईंनी, म्हणजे शुभमच्या आईने, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माहेरी माह्या भावाले मिरगी होती. त्याचं लग्न झालं, लेकरं झाली. आम्ही सांगून केलं होतं. तुमी सांगतलं असतं तं आम्ही काय पोरगी टाकून दिली असती?"

"माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"विचारलंच नाई तं माहीत कसं होईन?" त्या म्हणाल्या. "बिमारी कोनी आनत नाई घरात. पन इतकं मोठं दडवून ठेवलं, आन तिकडे भाऊ..." त्या उठून आत गेल्या. शुभमने तेवढ्यात नागपूरच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मागून घेतला होता.

प्राजक्ता मला दारापर्यंत सोडायला आली. "मला तरी सांगायचंस, आई," ती म्हणाली. "माझंच शरीर होतं ना?"

तिच्या हृदयाची बुडबुड्यांची तपासणी चार दिवसांत झाली. फुफ्फुस स्वच्छ निघालं. पण डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त जनुकांच्या तपासणीसाठी पाठवायला सांगितलं. माझ्यात दोष नेमका कुठे आहे ते सापडलं की घरातल्या बाकीच्यांमध्ये तो आहे की नाही, हे रक्ताच्या एका नळीत कळतं. माझा अहवाल यायला महिना लागला, मग प्राजक्ताचा आणि वैभवचा.

प्राजक्तामध्ये दोष नव्हता. कमी नाही, थोडा नाही, मुळीच नव्हता. तिला कधी घोळणा फुटला नव्हता आणि पुढेही फुटणार नाही, तिच्या मुलालाही नाही. डॉक्टरीणबाई हे आनंदाने सांगत होत्या. मी खुर्चीत बसून हिशेब लावत होते की हीच तपासणी मी जानेवारीत केली असती तर साखरपुड्याच्या वेळी माझ्याकडे लपवण्यासारखं काही उरलंच नसतं. जिच्यासाठी मी भावापासून ते दडवून ठेवलं, तिला तो आजारच नव्हता.

वैभवमध्ये होता. त्याच्या फुफ्फुसात दोन ठिकाणी. मांडीच्या शिरेतून बारीक तार घालून त्या वाटा बंद करतात, छातीला चिरा लागत नाही, दुसऱ्या दिवशी माणूस घरी येतो. देवीदासचं आणि त्याचं एकाच महिन्यात झालं. मी येते म्हटलं तर जयवंता फोनवर म्हणाली, "नका येऊ बाई, त्याले नाई आवडनार." झालं की तिने फोन करून कळवलं. उद्या सुटी देऊन राहिले, म्हणाली.

देवीदास आता चालतो. उजवा पाय ओढत, पण चालतो. उजव्या हाताची बोटं उघडत नाहीत. चाकू धरता येत नाही, म्हणून डोळे भरायचं काम वैभव करतो आणि देवीदास बाजूला खुर्ची टाकून बसतो. त्याचा सगळा बोलका कारखाना बंद पडला. एकच शब्द राहिला, हाव, म्हणजे हो. चहा हवा का, हाव. दुखते का, हाव. नको असलं तरी हाव म्हणतो आणि हाताने कप सरकवतो, मग आपण समजायचं. शब्द येत नाही म्हणून कधी कधी त्याच्या कपाळावर घाम येतो. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम नागपूरला आहेत, पंधरा दिवसांनी नेतात. वर्षभरात अजून काही शब्द येतील, असं त्या म्हणतात. जयवंता शनिवारी त्याला जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला नेते. तिथे तो हात जोडायला जातो आणि डावाच हात वर येतो.

दिवाळीनंतर एका दुपारी वैभव संत्र्याची गाडी घेऊन पांढुर्ण्याच्या मंडीत गेला होता, जयवंता आत होती. मी देवीदासच्या खुर्चीजवळ स्टूल घेऊन बसले. कोणी तरी त्याला आधी सांगितलं असेल का, मला माहीत नव्हतं. मी सांगितलं. जानेवारीतला कागद, बस, शालूखालची फाइल, मांडवात टीव्हीचं खोटं, फोन. एकही गोष्ट गाळली नाही. तो माझ्याकडे बघत होता. मॅडम म्हणतात, त्याला समजतं सगळं, फक्त बोलता येत नाही.

"मी तुले सांगतलं असतं तं तू आज बोलत असता," मी म्हटलं.

"हाव," तो म्हणाला.

मला रडू आलं. त्याने डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. मी विचारलं, "देवा, तू मले माफ करशील का रे?"

"हाव," तो म्हणाला. आणि लगेच पुन्हा, "हाव, हाव." त्याचा चेहरा लाल झाला होता, मान हलत होती, त्याला त्यापुढे काहीतरी म्हणायचं होतं आणि ते येत नव्हतं. मी खूप वेळ थांबले. आलं नाही. ते काय होतं ते मला आजही माहीत नाही. चांगलं असेल असं मी धरत नाही.

त्यानंतर मी मायच्या बाजूचे सगळे नातेवाईक आठवून कागदावर लिहिले. माय आणि मामा, दोघं भावंडं. मामाला घोळणा फुटायचा हे मला लख्ख आठवत होतं. मामा कधीच गेला, पण त्याचा मुलगा नत्थूजी सावरगावलाच आहे, सत्तरीच्या जवळ आलेला. मी एकटीच गेले. नत्थूजी ओसरीत खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "दादा, जीभ दाखवा." ते हसले, पण दाखवली. जिभेवर सहा-सात ठिपके होते.

मी सांगायला लागले. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला. "आता माही कायची जांच करतं, नलू? उष्णता हाय ते. सत्तर वर्षं निंगाली, अजून चार निंगतीन."

"तुमचं राहू द्या," मी म्हटलं. "नातू हाये ना तुमाले?"

मग आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी सुनेला हाक मारली. दिपाली बाहेर आली, हात पिठाचे, मागे सात-आठ वर्षांचा मुलगा.

"आत्याबाई, याचा घोळणा फुटते," ती आपणहून म्हणाली. "शाळेतून दोनदा घरी पाठवलं याले."

मी तिला खाली बसवून सगळं सांगितलं. आजार सांगितला, दाढेचं सांगितलं, आणि माझा भाऊ आज का बोलत नाही तेही सांगितलं, माझ्या नावासकट. ते सांगताना नत्थूजी माझ्याकडे बघायचे थांबले आणि जमिनीकडे बघू लागले. दिपाली मात्र बघतच राहिली. मी थांबल्यावर तिने पिठाचे हात धुतले, माझ्याकडून नंबर घेतला आणि तिथेच फोन लावला. पलीकडून मुलाचं नाव, वय विचारलं. सासऱ्यांचंही नाव तिने लिहायला लावलं. मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली.

फोन ठेवून ती मुलाचे केस बोटांनी मागे सारत म्हणाली, "झालं."

ओसरीत घड्याळ होतं. मी आल्यापासून वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती.